जबड्याखालचा नासूर, कानातला पू: तिसऱ्यांदा चिरा देण्याआधी

सेलूजवळच्या गावातल्या एका शिक्षिकाताईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. त्यांच्या भावाची मुलगी सात वर्षांची आहे. डाव्या जबड्याच्या कोनाखाली दोन वर्षांपासून गाठ येते, पिकते, फुटते. दोनदा चिरा देऊन पू काढला. मध्ये सहा महिने टीबीच्या गोळ्याही झाल्या. आता तिथं बारीक छिद्र राहिलंय आणि त्याच बाजूचा कान अधूनमधून वाहतो. ‘पुन्हा उघडून मुळासकट काढून टाकू’ असं एका डॉक्टरांनी सांगितलंय. ताईंना चार गोष्टी विचारायच्या आहेत. हे नेमकं आहे काय? ऑपरेशननं तोंड वाकडं होईल का? पुणे, मुंबई, हैदराबाद गाठावं की इकडंच होईल? आणि घरातल्या मोठ्या माणसांचं म्हणणं खरं का, की पोरीच्या आईनं ग्रहणात विळीवर भाजी चिरली म्हणून हे झालं?

ताई, तुम्ही ग्रहणाचं शेवटी विचारलंत, मी आधी त्याचंच उत्तर देतो. नाही. ग्रहणाचा, विळीचा, भाजीचा याच्याशी काडीचाही संबंध नाही. पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात, तेव्हा पोटातल्या गर्भाच्या मानेच्या जागी दोन्ही बाजूंना माशाच्या कल्ल्यांसारख्या कमानी असतात आणि कमानींच्या मध्ये खाचा असतात. त्यातल्या पहिल्या खाचेपासून कानाची बाहेरची नळी तयार होते. खालच्या खाचा पुढच्या काही आठवड्यांत बुजून जातात. पहिली खाच मिटताना तिचा एखादा धागा मागे राहिला, तर कानाच्या नळीपासून जबड्याच्या कोनापर्यंत कातडीनं मढवलेलं बारीक भुयार उरतं. लेकरू ते घेऊनच जन्माला येतं. आईनं काय खाल्लं, काय चिरलं, कुठं गेली, यानं ते होतही नाही आणि टळतही नाही. तुमच्या भावजयीनं ही दोन वर्षं मनात काय काय सोसलं असेल याचा मला अंदाज आहे. माझ्यासमोर बसून हेच विचारत रडलेल्या आया मी पाहिल्या आहेत. तुमच्या आईंना माझं नाव घेऊन सांगा, सुनेचा यात काडीचाही दोष नाही.

मुलीला तपासल्याशिवाय मी छातीठोक सांगणार नाही. पण जबड्याच्या कोनाखाली पुन्हा पुन्हा फुटणारी गाठ आणि त्याच बाजूचा वाहणारा कान, ही जोडी ऐकली की आम्हा कान-नाक-घसा सर्जनांच्या डोळ्यांसमोर पहिलं नाव येतं ते या पहिल्या खाचेच्या नासुराचं. वैद्यकीय भाषेत ‘फर्स्ट ब्रँकियल क्लेफ्ट फिस्टुला’. कल्ल्यांच्या खाचांपासून होणारे मानेतले बहुतेक दोष दुसऱ्या खाचेचे असतात. त्यांचं छिद्र मानेत खाली, मानेच्या बाजूच्या मोठ्या स्नायूच्या पुढच्या कडेला असतं. पहिल्या खाचेचे दोष शंभरात दहापेक्षाही कमी. एखादा कान-नाक-घसा तज्ज्ञ आख्ख्या आयुष्यात असे मोजकेच पाहतो. त्यामुळे ते ओळखायला उशीर होतो, आणि त्या उशिरात लेकराच्या मानेवर एकावर एक चिरे पडत जातात.

टीबीच्या गोळ्यांबद्दल कुणावर रागवू नका, पण समजून घ्या. आपल्याकडे मानेत गाठ म्हणजे गंडमाळ आणि गंडमाळ म्हणजे टीबी, हे समीकरण लोकांच्या डोक्यात पक्कं आहे आणि डॉक्टरांच्याही. टीबी आपल्याकडे आहेच, तेव्हा शंका घेणं चूक नाही. पण पू निघाला की तो ड्रेसिंगच्या बोळ्याबरोबर कचऱ्यात न टाकता सीबीनाटला, म्हणजे टीबीचे जंतू शोधणाऱ्या तपासणीला, पाठवायला हवा. टीबीचे जंतू सापडले तर गोळ्या. काहीच पुरावा नसताना, गाठ नुसती ‘तशी दिसते’ म्हणून सहा महिने गोळ्या देणं मला पटत नाही. आणखी एक खूण सांगतो. टीबीची गाठ सहसा कानाच्या नळीत जाऊन उघडत नाही. वर कानाची नळी, पुढं हनुवटी, खाली कंठाचं हाड, असा एक त्रिकोण मनात आखा. या त्रिकोणात लहान मुलाला पुन्हा पुन्हा फुटणारं गळू असेल, तर कानात बघितल्याशिवाय पुढं जाऊ नये.

हे मी कसं शिकलो ते सांगतो. अंबाजोगाईला पदव्युत्तर शिक्षण घेत होतो. केजकडचं एक पोरगं आलं होतं, नऊ-दहा वर्षांचं. मानेवर बिब्ब्याचे डाग, चिऱ्यांचे दोन व्रण आणि मधोमध टाचणीच्या टोकाएवढं ओलसर छिद्र. मी मान तपासली आणि कागदावर ‘क्रॉनिक सायनस’ लिहून मोकळा झालो. आमचे सर मागून आले. म्हणाले, ‘कान बघितलास?’ मी बघितला नव्हता. त्यांनी मला सूक्ष्मदर्शकाखाली कानाच्या नळीत बघायला लावलं आणि स्वतः एका बोटानं जबड्याखालची गाठ हलकेच दाबली. नळीच्या तळाशी, कूर्चा म्हणजे मऊ हाड संपून पक्कं हाड सुरू होतं त्याच्या जरा अलीकडं, कातडीतून पुवाचा मोत्यासारखा थेंब वर आला. सरांनी बोट काढलं, थेंब तिथंच थरथरत राहिला. पुन्हा दाबलं, मोठा झाला. मुलाचा बाप शेजारी उभा होता. तो म्हणाला, ‘आम्ही कवापासून सांगायलो सायेब, हिकडं दाबलं की तिकडून यायलंय, कुणी ऐकंनाच.’ बापाला जे दोन वर्षं दिसत होतं, ते आम्ही त्या दिवशी पाहिलं.

तेव्हा भाचीच्या बाबतीत पहिलं काम हे की एका कान-नाक-घसा तज्ज्ञानं सूक्ष्मदर्शकाखाली तिचा कान नीट बघावा. नळीच्या तळाशी छिद्र आहे का, किंवा तळापासून पडद्यापर्यंत ताणलेला कातडीचा पातळ पट्टा आहे का? हा पट्टा सगळ्यांना नसतो, पण दिसला की शंकेला जागा उरत नाही. कान वाहतो म्हटल्यावर पडद्याला भोक आहे असं गृहीत धरलं जातं. इथं पडदा बहुधा शाबूत असतो. पू मधल्या कानातून येत नसतो, नळीच्या तळातून येतो. त्यामुळे महिनोन्महिने थेंब टाकूनही कान कोरडा होत नाही. ऐकण्याची चाचणीही करून घ्या. कान सहसा चांगला असतो, पण ऑपरेशनआधीचा कागद हाती असलेला बरा.

दुसरं, एमआरआय. सोनोग्राफीनं गाठ आहे एवढं कळतं. भुयार कुठून कुठं जातं आणि लाळग्रंथीच्या किती आत जातं, हे एमआरआयवर जास्त चांगलं दिसतं. गाठीत पू असताना छिद्रातून औषध भरून फोटो काढायची घाई नको. संसर्ग आणखी पसरतो.

आता ऑपरेशनबद्दल, कारण तुमची खरी भीती तिथं आहे.

कानाच्या पाळीपुढं आणि खाली, गालाच्या मागच्या भागात जी लाळग्रंथी असते तिला पॅरोटिड म्हणतात. गालगुंड झाल्यावर सुजते तीच. या ग्रंथीच्या मधून चेहऱ्याची नस जाते. कानामागच्या हाडाखालून ती बाहेर येते, ग्रंथीत शिरते, दोन फांद्या होतात आणि पुढं पाच. त्यांच्यामुळे आपण कपाळ चढवतो, डोळा मिटतो, गाल फुगवतो, ओठ हलवतो. सात वर्षांच्या मुलीत ही नस शेवयीएवढी असते. पांढरी, चकचकीत, ओली शेवई. आणि कानापासून जबड्यापर्यंतचं भुयार नेमकं हिच्या आसपासून जातं. कधी नसेच्या वरून, कधी खालून, कधी दोन फांद्यांच्या बेचक्यातून. कुणात कसं असेल हे बाहेरून खात्रीनं सांगता येत नाही. १९७२ साली वर्क नावाच्या सर्जननं या दोषांचे दोन प्रकार पाडले. एक कानाच्या जवळच राहणारा, दुसरा जबड्यापर्यंत उतरणारा. दुसऱ्या प्रकारात नसेशी गुंता जास्त. तुमच्या भाचीचं वर्णन दुसऱ्या प्रकाराशी जुळतं.

त्यामुळे ‘छिद्रापासून आत खणत जाऊ आणि मुळासकट काढू’ या बेतानं कुणी हात घालणार असेल तर मी हात जोडून थांबा म्हणेन. योग्य पद्धत उलटी आहे. आधी नस शोधायची, मग भुयार काढायचं. कानापुढून सुरू होऊन पाळीखालून वळून मानेच्या सुरकुतीत उतरणारा चिरा घेतात. खालचं छिद्र आणि जुने व्रण त्यातच लंबगोल कापून घेतात. कातडी उचलली की नसेचं मूळ शोधायचं. त्याच्या खुणा ठरलेल्या आहेत. कानाच्या कूर्चेचं टोकदार निमुळतं टोक, कानामागच्या हाडातली सांध, आणि जबड्याखालच्या डायगॅस्ट्रिक नावाच्या स्नायूची वरची कड. या तिन्हींच्या मध्ये, थोडं खोल, नस सापडते. लहान मुलात कानामागचं हाड पुरतं वाढलेलं नसतं, त्यामुळे नस मोठ्यांपेक्षा वर, कातडीच्या जवळ असते. दोन वर्षांखालच्या बाळात तर फारच. म्हणून बाळ तान्हं असताना आणि सारखा संसर्ग होत नसताना आम्ही थोडं थांबतो. सात वर्षांचं वय चांगलं आहे.

मूळ सापडलं की फांद्यांमागून फांद्या मोकळ्या करत पुढं जायचं आणि भुयार दिसलं की ते नसेपासून सोडवायचं. आधी चिरा न दिलेल्या मुलात हे सुखाचं काम असतं. भुयाराचा रंग राखाडी-गुलाबी, स्पर्श थोडा चिवट, नसेचा रंग पांढरा, दोन्ही वेगवेगळे ओळखू येतात. ज्या मुलाला दोन-तीनदा चिरे झालेत त्याच्यात सगळं एकमेकांत चिकटून एकाच रंगाचं झालेलं असतं. खरवडलेल्या भिंतीसारखं. तिथं दीड तासाचं काम चार तासांवर जातं आणि भिंगाखाली मिलिमीटर मिलिमीटर पुढं जावं लागतं. ताई, ‘तिसऱ्यांदा चिरा नको’ असं मी कळकळीनं म्हणतो ते यासाठी. प्रत्येक चिऱ्यागणिक पुढच्या सर्जनच्या हातातलं काम अवघड होतं आणि तुमच्या लेकराच्या नसेचा धोका वाढतो.

छिद्रातून निळा रंग भरण्याची जुनी पद्धत आहे. मी ती आता जवळपास सोडलीय. भुयार फाटलेलं असलं की रंग बाहेर सांडतो आणि सगळंच निळं होऊन बसतं. त्यापेक्षा डोळ्याच्या आसवांच्या नळीत घालायची बोथट सळई हलकेच आत सरकवून दिशा बघितलेली बरी. जोर अजिबात लावायचा नाही, नाहीतर आपणच नवीन वाट पाडतो.

वरचं टोक हा या ऑपरेशनचा कस. भुयार कानाच्या नळीत जिथं उघडतं तिथली थोडी कातडी आणि कूर्चा त्याच्यासोबत निघाली पाहिजे. ती ठेवली तर नासूर परत येतो. जास्त काढावी लागली तर नळी आकसू नये म्हणून कातडीचा तुकडा लावून काही आठवडे पॅक ठेवतात. कूर्चेचा तुकडा सोडण्याची चूक मी स्वतः केलेली आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत, एका रुग्णालयात, एका मुलाचं भुयार मी नसेपासून सुंदर सोडवलं. नस शाबूत, ओठ हलतोय, सगळे खूश. चार तास होत आले होते, भूलतज्ज्ञ घड्याळ बघायला लागले होते, आणि वरचं टोक मी नळीच्या जरा बाहेरच बांधून टाकलं. आठ महिन्यांनी त्याची आई त्याला घेऊन आली. काही बोलली नाही, फक्त त्याची मान माझ्याकडं वळवली. टाक्याच्या रेषेवर पुवाचा थेंब होता. दुसऱ्यांदा केलं तेव्हा जे दहा मिनिटांचं काम मी टाळलं होतं, त्यासाठी त्या पोराला पुन्हा भूल, पुन्हा चिरा, पुन्हा नसेचा धोका पत्करावा लागला. तेव्हापासून नळीचा भाग डोळ्यांनी बघून काढल्याशिवाय मी टाके घेत नाही.

गळ्याच्या मधोमध येणाऱ्या थायरोग्लॉसल गाठीतही हेच झालं होतं. नुसती गाठ काढायचे, आणि निम्म्याच्या आसपास लोकांत ती परत यायची. १९२० साली सिस्ट्रंक नावाच्या सर्जननं कंठाच्या हाडाचा मधला तुकडा आणि जिभेच्या मुळाकडं जाणारी सगळी वाट काढायची पद्धत दिली. तेव्हापासून ती परत येणं शंभरात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकं राहिलं.

तोंड वाकडं होईल का, याचं खरं उत्तर: धोका आहे, पण नस आधी शोधून केलेल्या ऑपरेशनात कायमचं वाकडं होणं क्वचित. तात्पुरतं होऊ शकतं. नस तुटलेली नसते, हाताळल्यामुळे दमलेली असते. काही आठवड्यांत, कधी काही महिन्यांत, ओठ आणि पापणी परत येते. जबड्याच्या कडेनं जाणारी फांदी लवकर दुखावते, तेव्हा हसताना त्या बाजूचा खालचा ओठ खाली येत नाही. आता नर्व्ह मॉनिटर मिळतो. डोळ्याच्या आणि ओठाच्या स्नायूंत बारीक सुया लावतात, नसेला धक्का लागला की मशीन वाजतं. त्यासाठी भूलतज्ज्ञाशी आधी बोलावं लागतं, कारण स्नायू शिथिल करणारं औषध चालू असेल तर मशीन गप्प राहतं आणि सर्जनची फसगत होते. मॉनिटर सोबतीला असावा, पण नस कुठं आहे हे डोळ्यांनीच ओळखावं लागतं.

एक काम तुम्हीच करा. मुलीचा आजच मोबाइलवर व्हिडिओ काढा. डोळे घट्ट मिट, दात दाखव, गाल फुगव, शिट्टी वाजव. आधीच्या चिऱ्यांत एखादी फांदी दुखावली असेल तर ते ऑपरेशनआधीच माहीत हवं. बाकी दोन गोष्टी होऊ शकतात. कानाच्या पाळीभोवती बधिरपणा राहतो, तो बराचसा कमी होतो. आणि पुढं काही महिन्यांनी किंवा वर्षांनी जेवताना त्या गालावर घाम येऊ शकतो, त्याला उपाय आहे.

कुठं करायचं? गावाच्या नावावर जाऊ नका, माणसावर आणि सोयीवर जा. छत्रपती संभाजीनगरच्या घाटीत, अंबाजोगाईला, नांदेडला, लातूरला सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत आणि तिथं कान-नाक-घशाचे विभाग आहेत. सेलूहून रेल्वेनं संभाजीनगर आणि नांदेड दोन्ही सोयीचे. तिथल्या तज्ज्ञांना सरळ विचारा: तुम्ही पॅरोटिडची ऑपरेशनं नेहमी करता का? नस आधी शोधणार का? मॉनिटर आहे का? कानाच्या नळीचा भाग काढणार का? लहान मुलांना भूल देण्याची सवय असलेला भूलतज्ज्ञ आहे का? ज्याला हे काम येतं तो या प्रश्नांनी चिडत नाही. उलट कागद घेऊन चित्र काढून दाखवतो. आणि कुणी ‘हे माझ्याकडं नको, पुण्याला दाखवा’ म्हणाला, तर त्याला कमी समजू नका. त्याच्या या एका वाक्यानं लेकराचं तोंड वाचतं.

खर्चाचं म्हणाल तर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत बसतं का, हे त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. रेशनकार्ड, आधार आणि मुलीच्या जन्माचा दाखला सोबत ठेवा. तुम्ही शाळेत आहात, तेव्हा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तुमच्याकडं येतच असणार. त्यांच्याकडून नोंद करून पुढची चिठ्ठी घ्या, बऱ्याच दारांवरची अडवणूक कमी होते.

तुम्ही शिक्षिका आहात म्हणून, तुमच्या वर्गात आणि गावात दिसू शकतील अशा आणखी तीन गोष्टी सांगतो. तिन्ही विरळा, आणि तिन्हींत घाईनं मारलेला पहिला चिरा महागात पडतो.

पहिली, घोळणा फुटणारा मुलगा. एप्रिल-मे महिन्यात परभणी-नांदेडकडं पारा बेचाळीसच्या वर जातो आणि पोरांचे घोळणे फुटतात. कांदा हुंगवतात, डोक्यावर पाणी मारतात, थांबतं. बहुतेकांना खरंच उन्हानंच होतं. पण दहा-बारा वर्षांपुढचा मुलगा असेल, रक्त नेहमी एकाच नाकपुडीतून आणि भरपूर येत असेल, दुखत नसेल आणि ती नाकपुडी उन्हाळा संपल्यावरही बंदच राहत असेल, तर ते ऊन नाही. नाकाच्या मागे रक्तवाहिन्यांनी गच्च भरलेली अँजिओफायब्रोमाची गाठ असू शकते. ही जवळजवळ फक्त वयात येणाऱ्या मुलांत होते. कॅन्सर नाही, पण हाडं सारत गालाकडं, डोळ्याकडं, मेंदूच्या तळाकडं सरकते. दुर्बिणीतून गुलाबी-लाल, गुळगुळीत दिसते आणि नवख्या हाताला तपासणीसाठी तुकडा घ्यायचा मोह होतो. ओपीडीत तो तुकडा कधीच घ्यायचा नाही. रक्ताची चिळकांडी उडते आणि ती थांबवायला ओपीडीत काहीच नसतं. निदान कॉन्ट्रास्ट सीटी आणि एमआरआयवर होतं. ऑपरेशनच्या एक ते तीन दिवस आधी अँजिओग्राफी करून गाठीला रक्त पुरवणाऱ्या धमन्या बारीक कणांनी बुजवतात, मग नाकातूनच दुर्बिणीनं गाठ काढतात. पूर्वी यासाठी चेहरा उघडावा लागायचा. गाठीचं मूळ जिथं हाडात रुतलेलं असतं तिथं ड्रिल करून साफ करावं लागतं. ते राहिलं की गाठ परत. गावातल्या दवाखान्यात नाकात पॅक भरून रक्त थांबवणं योग्यच आहे, पण दुसऱ्या-तिसऱ्यांदा पॅक भरायची वेळ आली की मुलाला पुढं पाठवायला हवं.

दुसरी, कानात धडधड ऐकू येणारी बाई. चाळिशी-पन्नाशीतल्या. म्हणतात, ‘रात्री उशाला कान लावला की गिरणी चालल्यावानी आवाज यायलाय.’ मनगटावर नाडी धरून बघितलं तर आवाज नाडीच्याच ठेक्यात. पडद्यामागे लालसर काहीतरी दिसतं. हे ग्लोमस असू शकतं, म्हणजे रक्तवाहिन्यांचीच गाठ, किंवा जागा सोडून वर आलेली मानेची मोठी रक्तवाहिनी. ‘पडद्यामागे पाणी साचलंय, पडद्याला छोटं छिद्र करू’ असं कुणी म्हणालं तर आधी सीटी स्कॅन मागा. गाठ मधल्या कानापुरती असेल तर कानाच्या नळीतून किंवा कानामागून उघडून निघते. कवटीच्या तळापर्यंत उतरली असेल तर ऑपरेशन फार मोठं होतं. गिळण्याच्या, आवाजाच्या नसा तिथंच असतात. वय झालेल्या माणसात कधी किरणोपचार, कधी दरवर्षी एमआरआय करून नुसतं लक्ष ठेवणं हाच शहाणपणाचा मार्ग असतो.

तिसरी, मुलांच्या मानेच्या डाव्या बाजूला, थायरॉइडजवळ, सर्दी-खोकल्यानंतर पुन्हा पुन्हा होणारं गळू. हाही कल्ल्यांच्याच खालच्या अवशेषांचा दोष, घशाच्या आतल्या खाचेत त्याचं तोंड असतं. बाहेरून कितीदा चिरा दिला तरी आतलं तोंड उघडंच राहतं. भूल देऊन घशात दुर्बीण घातली की ते सापडतं आणि बऱ्याच मुलांत आतूनच डागून बंद करता येतं. मानेवर नवा चिराही लागत नाही.

आता भाचीकडं परत येतो. सध्या छिद्र वाहत असेल तर पू तपासणीला द्या, त्यानुसार अँटिबायोटिकचा कोर्स पूर्ण करा. सूज-लाली पूर्ण उतरल्यावर साधारण सहा आठवडे जाऊ द्या आणि मग ऑपरेशन. आधीच्या दोन्ही वेळच्या कागदपत्रांसोबत एमआरआयची सीडी मागून घ्या. रिपोर्टचा नुसता कागद सर्जनला पुरत नाही, चित्रं बघावी लागतात. एमआरआयसाठी मुलीला भूल द्यावी लागू शकते, तसं असेल तर त्यांनी सांगितलेल्या वेळेपासून पाणीसुद्धा देऊ नका. काढलेलं भुयार बायोप्सीला पाठवलं जाईल. त्याचा रिपोर्ट जपून ठेवा. टीबीचा प्रश्न त्यानं कायमचा मिटतो.

या सहा आठवड्यांत गाठ पुन्हा तट्ट फुगली, ताप आला, पोरगी रडायला लागली, तर घरी वाट बघत बसू नका आणि लेप-बिब्बा काही लावू नका. जवळच्या दवाखान्यात न्या आणि डॉक्टरांना सांगा की पहिल्या खाचेच्या नासुराची शंका आहे, म्हणून शक्य असेल तर चिरा न देता जाड सुईनं पू ओढून घ्या. एकदा ओढून पुन्हा भरलं तर पुन्हा ओढता येतं. अगदीच चिरा लागला, तर तो जुन्याच व्रणावर, छोटा आणि जबड्याच्या कडेपासून दोन बोटं खाली असू द्या.